आण्णांच्या तीन सेलच्या बॅटरीत पेन्सिल सेल बसवायचेत, पण बॅटरी तापली

बांधावरून

राम राम मंडळी.

आधी एक खुलासा. आमच्या जुन्नर भागात बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि तिच्या आत घालतात ते सेल. पुढे सगळीकडे तसंच वाचा, नाहीतर घोळ व्हायचा.

आमच्या आण्णांची (वडील, वय ७४) तीन मोठ्या सेलची एक जुनी बॅटरी आहे. पितळी नळी, वरून चकचकीत मुलामा. जिथं अंगठा बसतो तिथला मुलामा कधीच उडालाय आणि पितळ पिवळं दिसतं. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. आण्णा ती उशाशी घेऊन झोपतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

शेतीची थ्री-फेज लाईट आम्हाला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटार चालू झाली की दारं धरायला (पिकात पाणी फिरवायला) जावंच लागतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कांदा. धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, इतकी आमची त्यांची ओळख. त्यामुळं बॅटरी ही आमच्याकडे हौस नाही. मोबाईलच्या उजेडात पायाखालचं दिसतं, बांधापलीकडं काय चमकतंय ते दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून चार्जिंगची प्लास्टिकची बॅटरी आणली होती. पावसाळ्यात तीन-चार महिने कोपऱ्यात पडली आणि दिवाळीला काढली तर मेलेली. पिनेला लावली की पेटते, काढली की विझते. आण्णा म्हणाले, "वायर धरून बांधावर जातो आता."

मोठे सेल रात्रीच्या दोन आठवड्यांत उरकतात. गावच्या दुकानात मिळतात ते कधीचे पडलेले असतात देव जाणे, एकदा तर कागद फाडतानाच खालून पाणी सुटलेलं होतं. म्हणून विचार केला, लेकीच्या जुन्या कॅमेऱ्याचे चार चार्जिंगचे पेन्सिल सेल पडून आहेत (वर २१०० एमएएच लिहिलंय, म्हणजे सेलात किती भरतं तो आकडा), तेच आण्णांच्या बॅटरीत बसवू.

केलं काय ते सांगतो, हसू नका. पेन्सिल सेल बारीक आहे म्हणून त्याला वर्तमानपत्र गुंडाळलं. तो मोठ्या सेलपेक्षा बोटाच्या एका पेराच्या निम्म्यानं आखूड भरतो, म्हणून प्रत्येकाच्या खाली रुपयाची सात नाणी रचली. तीन साते एकवीस रुपये बॅटरीच्या पोटात. बटण दाबलं, झकास पेटली. आण्णांनी सुद्धा "हं" केलं.

काल रात्री पाटावरून उडी मारली आणि उजेड एकदम लालसर झाला, विडीच्या टोकासारखा. विझला नाही, नुसता लाल. बॅटरी झटकली, फरक नाही. मग लक्षात आलं की मागची बाजू हाताला गरम लागतेय. बटण बंद केलं तरी तापतच राहिली. मोटारीच्या खोपटात जाऊन टॉवेलनं झाकण फिरवलं आणि सगळं ओतलं. पुढचा सेल थंडगार, मागचे दोन हातात धरवेनात. एकाचं वरचं प्लास्टिक आकसून गोळा झालं होतं. सकाळी चिखलात एकोणीस नाणी सापडली.

माझे प्रश्न:

बटण बंद असताना बॅटरी तापली कशी? या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलंय आणि मोठ्या सेलवर १.५, तर उजेड कमी पडणार का? एवढासा सेल किती रात्री पुरेल? आणि ऑनलाइन चार्जिंगचे मोठे सेल दिसतात, १०००० एमएएच लिहिलेले, तेच घ्यावेत का?

---

जुना_वायरमन

पहिलं काम: ते मागचे दोन सेल बाजूला काढा. चार्जरला लावू नका. आकसलेला तर घरातही ठेवू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

आता कारण. तुमच्या बॅटरीची पितळी नळी ही नुसती नळी नाही, ती वायर आहे. मागच्या झाकणाची स्प्रिंग शेवटच्या सेलच्या बुडाला टेकते, झाकण नळीला टेकतं, आणि नळीतून करंट पुढे बटणाकडे आणि बल्बाकडे जातो. म्हणजे बटण बंद असो की चालू, सगळी नळी ही कायम शेवटच्या सेलची मायनस बाजू असते.

उडी मारल्यावर तुमच्या नाण्यांची चवड कलली आणि नळीला टेकली. कुठली चवड ते तुम्हीच सांगितलंय. पुढचा सेल थंड आणि मागचे दोन गरम, म्हणजे पुढच्या सेलच्या खालची. तिथं नाणं नळीला टेकलं की मागच्या दोन सेलचं वरचं टोक आणि खालचं टोक थेट एकमेकांना जोडलं गेलं. शॉर्ट. मध्ये बटण येतच नाही, म्हणून ते बंद करून उपयोग झाला नाही. आणि बल्बाला उरला एकटा पुढचा सेल. तिघांच्या बल्बाला एकाचं जेवण, म्हणून लाल.

मोठ्या सेलला हा त्रास होत नाही, कारण तो स्वतःच नळीभर जाड असतो आणि अंगावर त्याचं वेष्टण असतं. तुम्ही बारीक सेल आणि उघडं नाणं आत सोडलंत.

एक सांगतो, रागावू नका. हाच शॉर्ट साध्या जुन्या मोठ्या सेलला झाला असता तर सेल कोमट होऊन बसला असता. चार्जिंगचा पेन्सिल सेल दिसायला बारीक, पण शॉर्टमध्ये एका दमात ओततो. वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं ना? ते पेटलं नाही हे नशीब.

---

लेथवाला

वायरमन काकांनी बरोबर पकडलं. आता बसवायचं कसं ते मी सांगतो, कारण माझ्या घरी पण असाच एक तीन सेलचा दांडका आहे.

आधी मापं. मोठा सेल ३४.२ मिमी जाड, ६१.५ मिमी लांब. पेन्सिल सेल १४.५ जाड, ५०.५ लांब. म्हणजे प्रत्येक सेलमागं ११ मिमी कमी पडतात, तिघांचे मिळून ३३.

सगळे लोक इथंच चुकतात. तीन सेल, म्हणून तीन ठिकाणी भर घालतात. कशाला? तिन्ही पेन्सिल सेल एकाला एक चिकटून लावा, तीन फटींची एकच फट करा आणि ती शेपटाकडे ढकला. शेवटच्या सेलच्या बुडाखाली जी भर येईल ती उद्या नळीला टेकली तरी काही बिघडत नाही. काकांनीच सांगितलं की नळी ही शेवटच्या सेलची मायनस बाजूच आहे. मायनस मायनसला टेकलं, मिटलं.

भर म्हणून १२ एमएमचा बोल्ट घ्या, २५ मिमी लांबीचा, ज्याला १९ चा पाना लागतो तो. बोल्टाची लांबी डोकं सोडून मोजतात, आणि डोकं साडेसात मिमी असतं. २५ आणि साडेसात, साडेबत्तीस झाले. उरलेला अर्धा मिमी स्प्रिंग खाऊन टाकते. हे जुळलं तेव्हा मी एकटाच वर्कशॉपमध्ये हसलो होतो.

सेलसाठी लाईट फिटिंगचा २० एमएमचा पीव्हीसी पाइप. दुकानात जाताना खिशात एक सेल घेऊन जा, कारण पाइपाची जाडी कंपनीप्रमाणे बदलते. सेल आत सैल सरकला पाहिजे, पण लोळता कामा नये. पाइप १७४ मिमी कापा. तीन सेल आणि बोल्टाचा दांडा मिळून १७६.५ होतात, त्यामुळं पुढच्या सेलचं टोक दोन-अडीच मिमी बाहेर डोकावेल आणि बल्बाच्या बुडाला नीट भिडेल. बोल्टाचं डोकं पाइपात शिरत नाही, ते मागं बाहेर राहतं आणि स्प्रिंगला बसायला चांगली रुंद जागा मिळते. दांड्याचं टोक आणि डोकं काचपेपरनं घासून घ्या, नाहीतर पॉलिशच्या थरावर उजेड लुकलुकतो.

पाइप नळीत मधोमध राहायला त्याच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवा किंवा कापून गुंडाळा. वर्तमानपत्र नको. दवात कागद ओला होतो.

---

गडवाट

दादा, आधी आण्णांना नमस्कार सांगा.

तुमच्या उरलेल्या प्रश्नांवर बोलते. १.२ आणि १.५ ची चिंता सोडा. साधा मोठा सेल १.५ पासून सुरू होतो खरा, पण बल्ब पेटला की लगेच खाली यायला लागतो आणि त्याचं बरंचसं आयुष्य १.२ च्या आसपास आणि त्याखालीच जातं. चार्जिंगचा सेल १.२ वर तळ ठोकून बसतो. नव्याकोऱ्या मोठ्या सेलच्या पहिल्या रात्रीइतका उजेड पडणार नाही, पण चौथ्या रात्रीपेक्षा नक्की जास्त पडेल.

किती पुरेल त्याचा हिशेब बल्बावर आहे. बल्बाच्या पितळी कॉलरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन बघा. तीन सेलच्या बल्बावर बहुधा ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअर असतं. तेच असेल तर ०.३ अँपिअर म्हणजे ३०० मिलीअँपिअर, २१०० ला ३०० नं भागा, सात तास. सेल जुने आहेत म्हणून पाच धरा. तुम्ही रात्रभर थोडीच लावून ठेवता, दारं मोडताना आणि जाता-येता मिळून तासभर होत असेल. म्हणजे पाच रात्री जेमतेम निघतात.

पण "जेमतेम" वरच मला बोलायचंय. साधे सेल मरताना सांगून मरतात. पिवळा होतो, मग नारिंगी, दोन दिवस कुरकुर करतो, आपण नवीन आणतो. चार्जिंगचे सेल सांगत नाहीत. शेवटपर्यंत ठणठणीत आणि मग दोन-चार मिनिटांत खलास. मी हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेकडून देवळाकडे परत येताना हे अनुभवलंय. माझ्याजवळ दुसरी टॉर्च होती. आण्णांच्या एका अंगाला ऊस आहे. म्हणून पाचव्या रात्रीची वाट बघू नका, तीन रात्री झाल्या की काढून चार्ज करा, उजेड कितीही चांगला असू दे.

आणि उजेड घसरला की झटकून, ठोकून अजून थोडं पिळायची आपली सवय असते ना, ती इथं नको. तिघांपैकी जो आधी संपतो त्याला बाकीचे दोघं उलटा चार्ज करायला लागतात. तो सेल तिथंच कायमचा अधू होतो.

ऑनलाइनचे १०००० वाले मोठे सेल: मी घेतले होते. हातात घेतल्याबरोबर शंका आली, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. साठ ग्रॅमसुद्धा भरेनात. चार्जिंगचा खरा मोठा सेल दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो. एक कापून बघितला (तुम्ही कापू नका), आत कागदी पुठ्ठ्यात पेन्सिल सेल बसलेला. म्हणजे तुम्ही नाण्यांनी जे केलंत तेच त्यांनी कारखान्यात केलं आणि वर शून्यं वाढवली. खरे मिळतातही, पण महाग, आणि त्यांचा चार्जर वेगळा.

---

नवशिक्या२१

एवढा खटाटोप कशाला? जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियमचे सेल (१८६५० म्हणतात ते) काढा, दोन टाका, उजेडच उजेड. फुकट.

---

जुना_वायरमन

नवशिक्या, तो एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. दोन म्हणजे ८.४. बल्ब आहे ३.८ चा. उजेड पडेल, एकदाच.

शिवाय वर काय झालं ते वाचलं नाही वाटतं. हाच शॉर्ट लॅपटॉपच्या सेलला झाला असता तर त्यांनी टॉवेलनं झाकण उघडलं नसतं, बॅटरी फेकून पळाले असते. पितळी नळीत लिथियमचे उघडे सेल नकोत.

---

सोलर_सखाराम

लिथियममध्येच जायचं असेल तर निदान फॉस्फेटवाला. सोलरच्या रस्त्यावरच्या दिव्यात जाडा सेल येतो, ३२६५० म्हणतात, जाडी ३२ मिमी म्हणजे मोठ्या सेलच्या खोबणीत जवळजवळ तसाच बसतो. ३.२ व्होल्टचा असतो, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीला एकटा पुरतो, दुसऱ्या सेलच्या जागी भर टाकायची. तीन सेलच्या बल्बावर थोडा मंद चालेल. पण त्याचा चार्जर वेगळा लागतो, पेन्सिल सेलचा चालत नाही. आणि त्यालाही शॉर्ट आवडत नाही हे काकांचं म्हणणं बरोबरच.

---

बांधावरून

सगळ्यांचे आभार. तीन दिवस कांद्याच्या काढणीत होतो, आज बसलो.

बल्बावर खरंच ३.८ आणि ०.३ निघालं. लेकीनं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचलं.

१२ एमएमचा बोल्ट ट्रॅक्टरच्या डब्यात होता, पण तो चाळीसचा. पंचविसाचा ओतूरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाला. दोन घेतले, एक हरवणार हे ठरलेलं. पाइपाचं म्हणाल तर पहिला जो हातात आला त्यात सेल शिरेचना, दुसऱ्या कंपनीचा घेतला. हॅक्सॉनं कापल्यावर आतली कड दाढीच्या ब्लेडनं साफ केली. ट्यूब आमच्या सायकलीची नाही, शेजारच्या पोराच्या सायकलीची. तो अजून शोधतोय.

एका गोष्टीत अडलो. चार्जरला चार खाचा आहेत, पण सेल जोडीनंच चार्ज होतात. एका बाजूला दोन घातल्याशिवाय दिवाच लागत नाही. बाद झालेले दोन काढल्यावर माझ्याकडे राहिले दोन. तीनची बॅटरी आणि दोनाचा चार्जर, ही सोयरीक कुणी जमवली कळत नाही.

---

गडवाट

अशा चार्जरमध्ये दोन खाचा एकाच तारेवर ओवलेल्या असतात. चौथा सेल कुठलाही घालून जोडी पुरी करू नका. एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा अशी जोडी लावली की एक फुगेपर्यंत भरतो आणि दुसरा उपाशी राहतो. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला चार्जर घ्या, त्यात तीन लावा नाहीतर एक लावा.

सेल पण चार नवीन घ्या, एकाच पाकिटातले, उरलेले दोन जुने घड्याळाला वापरा. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' लिहिलंय का बघा. हे एनेलूप जातीचे सेल. सान्योनं २००५ मध्ये आणले, आता पॅनासॉनिकच्या नावानं मिळतात, बाकीच्याही काही कंपन्या तसे बनवतात. तुमचे कॅमेऱ्याचे सेल दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात नुसते पडून पडून सुद्धा उतरतात. हे उतरत नाहीत, निदान सहजासहजी नाही. आकडा छोटा असेल, १९०० किंवा २०००, त्याला नाक मुरडू नका. वर २८००-३००० लिहिलेल्या अनोळखी सेलपेक्षा हे बरे.

---

लेथवाला

चौथ्या सेलचं एक सुचवतो. सेलवर पेनानं १, २, ३, ४ लिहा. दर वेळी एक बाहेर बसवा. म्हणजे चौघं सारखे म्हातारे होतील.

---

बांधावरून

नवीन चार्जर, नवीन चार सेल. सेलवर आकडे लेकीच्या मार्करनं घातले. या आठवड्यात रात्रीची लाईट होती, तिसऱ्या रात्रीनंतर काढून चार्ज केले, पुन्हा तीन रात्री. उजेड एकदाही लाल झाला नाही. पाटावरून मुद्दाम तीन वेळा उडी मारली, आण्णा बघत होते, काही बोलले नाहीत.

पण आण्णा खूश नाहीत. मी विचारलं, उजेड कमी पडतोय का? तर म्हणे, उजेडाचं काय, ही हलकी झाली. तीन मोठे सेल म्हणजे पावशेराच्या वर वजन, आणि हे तीन पेन्सिल सेल शंभर ग्रॅमच्या आत. आण्णांचं म्हणणं, बॅटरी हातात असली की काठी हातात असल्यासारखी वाटली पाहिजे, ही बासरी झालीय.

पाइप आणि नळी यांच्यामधल्या जागेत सायकलचे छर्रे भरू का, असा विचार आला.

---

जुना_वायरमन

छर्रे नकोत! एक जरी पुढं बल्बाकडे घरंगळला तरी मागचेच दिवस परत येतील. धातूचं सुटं काहीही त्या नळीत टाकायचं नाही. वजनच पाहिजे तर वाळू घ्या, कोरडी, आणि तीसुद्धा सुटी नाही.

---

बांधावरून

केलं. ट्यूबचे वीतभर लांबीचे तीन तुकडे कापले, तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू (बायकोनं तवा परत घ्यायला नकार दिलाय) त्यात ठासून भरली, दोन्ही टोकं सोल्युशननं चिकटवून वर दोरा बांधला, आणि पाइपाच्या भोवती उभे लावले. तिसरा बसेना. त्याची थोडी वाळू काढली, तेव्हा बसला. झाकण फिरलं.

आण्णांनी हातात घेतली, दोनदा तोलली, डाव्या तळव्यावर एकदा आपटली. मग बटण दाबून गोठ्याच्या पत्र्यावर उजेड मारला आणि म्हणाले, "आता आली." तेवढंच.

आज साडेदहाची लाईट आहे. तिसरी रात्र, सेल सकाळी काढायचेत. चौथ्या नंबरचा आज बाहेर आहे, तो खिशात घेऊन निघतोय.